शुक्रवारी अजरखपूर बंद असतं, असं तो म्हणाला

साडीतलं मला कळतं, असा माझा समज होता. आमच्या सांगलीच्या भिशीत कुणी इरकल घेतली तरी आधी माझ्या हातात देतात. त्यामुळे कच्छच्या सहलीत मी साडीतच फसले, हे लिहायला जरा जड जातंय. पण थंडी पडली की कच्छला बसगाड्या भरभरून निघतात, म्हणून लिहितेच.

आम्ही ३२ जण होतो. कार्यक्रमपत्रिकेत स्वच्छ छापलं होतं, 'सकाळी भुजोडी व अजरखपूर, दुपारनंतर धोरडोचं पांढरं रण'. भुजोडी हे विणकरांचं गाव, अजरखपूर अजरखचं, म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्यांचं. भुजोडीत बस वीस मिनिटं थांबली, विणकराच्या मागापाशी पोचतोय तोवर टूर मॅनेजरची शिट्टी. मग भुजला चढलेला गाइड माइकवर म्हणाला, "आज शुक्रवार, अजरखपूरला काम बंद. पण काळजी नको, त्याच कारागिरांच्या सोसायटीत नेतो तुम्हाला." तिथले छापणारे खत्री मुसलमान आहेत, शुक्रवारी नमाजाला काम थांबत असेल, असं मला अगदी पटलं.

वाटेत त्याने २००१ च्या भूकंपाची गोष्ट सांगितली. घरं पडली, नवरे गेले, मग बायकांनी ही सोसायटी काढली वगैरे. बसमध्ये दोघीतिघींनी डोळे पुसले, मीही. भूकंप खरा, हाल खरे. धमडका गावातल्या पाण्यात भूकंपानंतर लोह वाढलं, त्या पाण्यात रंग नीट उतरेना, म्हणून तिथल्या छपाईवाल्यांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं, हेही खरं. पण आम्हाला ज्या हॉलवर नेलं त्याचा त्या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

हॉल म्हणजे हमरस्त्याला लागून पत्र्याची मोठी शेड. दाराशी एक म्हातारेबाबा लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर ठेवत होते, मुठीने ठक्‌ करून मारत होते. हात सराईत होता, त्यात काही खोटं नव्हतं. सगळ्यांनी व्हिडिओ काढले. आत गेलो की मागचं दार ओढून घेतलं, चहा आला, आणि गाद्यांवर साड्यांचे ढीग पडायला लागले.

गाइडने मला हेरलं होतंच. "काकूंना विचारा, त्यांना समजतं." झालं, मी फुगले! रेशमासारख्या मोडाल सिल्कची अजरख, गर्द निळी-लाल, ६,८०० रुपये. मी घेतली. कोल्हापूरच्या आज्जींना "घ्या हो, मुंबईत दुप्पट पडेल" असं मीच म्हटलं. नाशिकच्या दोन मुलींनीही माझ्याच भरवशावर घेतल्या. कार्डाचं मशीन 'नेटवर्क नाही' म्हणून बाजूला. फोनवरून पैसे पाठवले तेव्हा पडद्यावर सोसायटीचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. बिल मागितलं तर हिरव्या चिठ्ठीवर नुसता आकडा आणि 'माल परत घेतला जाणार नाही'. बँकेत ३१ वर्षं काढलेल्या बाईने हे दोन्ही बघितलं आणि पर्स मिटली.

त्या शेडमध्ये दोन तास गेले. रणात पोचलो तेव्हा सूर्य टेकलेला. काळ्या डुंगरावरचं दत्तमंदिर राहिलंच, आमच्यातले निम्मे तर त्यासाठीच आले होते. भिरंडियाराला मावा खायला उतरलो तेव्हा ड्रायव्हर सहज बोलून गेला की गाडी आत घातली की ठरलेले पैसे, वर विक्रीवर टक्केवारी.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी रात्रीची. हे झोपले होते. मी साडी पिशवीत घातली, रिक्षा केली आणि अजरखपूर गाठलं. पहिल्याच अंगणात एक तरुण मुलगा कापड वाळत घालत होता. साडी दाखवली. तो खोटी म्हणाला नाही, खरी म्हणाला नाही. आतून स्वतःचा एक दुपट्टा आणला, माझ्या पदराशेजारी पसरला आणि दोन्ही उलटे केले. त्याच्या दुपट्ट्याची निळाई मागूनही तितकीच गडद, कारण कापड निळीत बुडवून काढलेलं. माझ्या साडीची मागची बाजू फिकट, रंग वरच्या वर बसलेला. मग त्याने ठशांच्या जोडावर बोट ठेवलं. एक ठसा केसभर सरकलेला, दुसऱ्याचा रंग किंचित जास्त. माझ्या साडीवर सगळं एकसारखं, कुठे जोडच दिसेना. हाताचे ठसे नव्हेतच, स्क्रीन प्रिंट.

"कितने में दिया, बेन?" त्याने विचारलं. मी खरा आकडा सांगितला नाही.

पाण्यात रंग सुटतो का बघायचं ना, असं मी विचारलं तर तो हसला. खरी नीळही पहिल्या धुण्याला थोडी सुटते, त्यावरून काही ठरत नाही म्हणाला. आणि शुक्रवारी? दुपारची नमाज सोडली तर घरात कुणी ना कुणी असतंच, काल तर सगळे इथेच होते. तिथून जवळच एलएलडीसी, म्हणजे लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटरचं संग्रहालय आहे, कच्छी भरतकामाचं. आमच्या पत्रिकेत त्याचं नावसुद्धा नव्हतं.

घरी आल्यावर टूर कंपनीला फोन केला. 'खरेदी ऐच्छिक होती' एवढंच उत्तर. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर बोलले, त्यांनी आधी बिलच विचारलं. २०१९ च्या कायद्यात बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण दुकान नेमकं कुणाचं, हे माझ्या हिरव्या चिठ्ठीवर कुठे होतं? तेव्हा कच्छला निघालात तर पैसे कुणाच्या नावावर जातायत ते बघा, पक्कं बिल हातात आल्याशिवाय पाठवू नका, साडी उलटी करून उजेडात धरा. आणि गाइडने एखादं गाव 'आज बंद' म्हटलं तर रिक्षा करून जाऊन बघा, भुजहून फार लांब नाही.

नाशिकच्या मुलींना मी सगळं सांगितलं. एकीने फोनच ठेवला. आज्जींना सांगायचं राहिलं होतं. परवा त्यांचा नातवाच्या मुंजीतला फोटो आला, अंगावर तीच साडी. खाली लिहिलेलं, 'तुमच्यामुळे मिळाली हो, सगळ्या विचारतायत.'

मी नुसते हात जोडलेले पाठवले.