जुनी टायमिंग चेन परत मिळाली, पण ती माझ्या गाडीची नव्हती

सकाळी माझ्या दुचाकीचे गार इंजिन चालू केले की डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट इंजिनाच्या एका बाजूने यायचा. ॲक्सिलरेटर थोडा वाढवला की तो कमी व्हायचा आणि सोडला की पुन्हा सुरू व्हायचा. ऑइलची पातळी बरोबर होती. एका गॅरेजमध्ये गाडी नेली, तेव्हा मेकॅनिकने जेमतेम अर्धा मिनिट कान दिला आणि सांगितले की टायमिंग चेन गेली आहे, चेन, ती ज्यांवरून सरकते ते दोन्ही रबरी पॅड आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर असे पूर्ण किट बदलावे लागेल, आणि उशीर केला तर चेन दात चुकवेल व व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील.

यातले काहीच खोटे नव्हते आणि म्हणूनच मी विश्वास ठेवला. पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा, आणि हा मेळ सांभाळणारी ही चेन वापराने लांबते. तिचा ढिलेपणा टेन्शनर आपोआप घेत राहतो: त्यातला दांडा स्प्रिंगच्या जोराने एकेक दात पुढे सरकतो आणि खटक्यामुळे मागे येऊ शकत नाही. स्प्रिंग थकली, खटका झिजला किंवा चेन इतकी लांबली की दांड्याला पुढे सरकायला जागाच उरली नाही, तर खडखडाट सुरू होतो. या तीन कारणांपैकी नेमके कोणते, हे टेन्शनर बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. माझ्या गाडीचा तो सिलिंडरच्या मागे दोन बोल्टवर बसवलेला आहे, आणि किट बदलायचे ठरवण्यापूर्वी तो काढून पाहण्याचा आग्रह मी धरायला हवा होता.

जुने भाग परत मागावेत, हा सल्ला मला ठाऊक होता आणि मी तो पाळला. संध्याकाळी गाडीबरोबर एका पिशवीत ऑइलने माखलेली चेन, झिजलेले दोन पॅड आणि टेन्शनर मला मिळाले. बिलात पूर्ण किट आणि मजुरी होती. खडखडाट थांबला होता, मात्र त्याच्या जागी वेगाबरोबर चढत जाणारी एक बारीक घरघर ऐकू येत होती. नवी चेन थोडी आवाज करते, काही दिवसांत बसेल, असे मला सांगण्यात आले.

ती बसली नाही. तिसऱ्या आठवड्यात खडखडाट परत आला आणि ऑइल बदलताना गाळणीवर नखाएवढे काळे रबरी तुकडे सापडले. मग मी दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर ठिकठिकाणी टेकवून मुठीला कान लावला, मग इंजिन गार होऊ देऊन फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे) अंतर तपासले, कारण टॅपेटची टिकटिक आणि चेनचा खडखडाट यांत अनेकदा गफलत होते. ते अंतर बरोबर निघाले. त्यानंतर त्यांनी मला जवळ बोलावून मॅग्नेटकडच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या बाजूच्या, कव्हरचे बोल्ट दाखवले. त्यांच्या खाचांत वाळलेला चिखल घट्ट बसलेला होता आणि कव्हरच्या सांध्यावरून गेलेली जुन्या मळाची रेघ कुठेही तुटलेली नव्हती. माझ्या इंजिनातली चेन हे कव्हर उघडल्याशिवाय बाहेर येतच नाही. फक्त टेन्शनरच्या दोन बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे होते.

टेन्शनर काढल्यावर उरलेला उलगडा झाला. तो जुनाच होता, त्याखालचे कागदी गॅस्केट फाटलेले होते आणि दांडा जवळजवळ शेवटच्या दातापर्यंत बाहेर आलेला होता. चेन नवी असती तर तो बराचसा आत राहिला असता. पहिल्या गॅरेजने केले होते ते इतकेच: बोल्ट सैल करून दांडा आणखी पुढे येऊ दिला आणि तो आत न ढकलता, खटका न सोडवता, बोल्ट तसेच आवळले. त्यामुळे चेन प्रमाणाबाहेर ताणली गेली, घरघर सुरू झाली आणि पॅड चेनखाली खरवडले गेले. पैसे गेल्यापेक्षा मला याचा राग अधिक आहे, कारण न केलेल्या कामाने गाडी निदान होती तशी राहिली असती. या कामाने ती धोक्याच्या आणखी जवळ गेली.

घरी येऊन मी पिशवीतली चेन धुतली आणि कड्या मोजल्या. त्या 98 भरल्या. माझ्या मॉडेलच्या सुट्या भागांच्या यादीत 94 कड्यांची चेन आहे. दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचे भंगार मला माझे म्हणून देण्यात आले होते. बोल्टची छायाचित्रे आणि ती चेन घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा पिशव्यांची अदलाबदल झाली असेल असे उत्तर मिळाले. मळलेल्या कव्हराबद्दल विचारल्यावर मात्र किटचे पैसे परत करण्यात आले. मजुरीचे केले नाहीत.

खरे काम पुढच्या आठवड्यात माझ्या समोर झाले. उघडण्याआधी मी बोल्टवर आणि सांध्यांवर रंगाचे ठिपके दिले, आणि हेड कव्हर निघाल्यावर चेनच्या एका कडीवरचे ऑइल पुसून तिच्यावरही पांढरी खूण केली. मेकॅनिकने पिस्टन वरच्या टोकाला आणून टायमिंगच्या खुणा जुळवल्या आणि टेन्शनर बाहेर असताना क्रँक जराही हलू दिला नाही. नव्या टेन्शनरचा दांडा पूर्ण आत अडकवून, नवे गॅस्केट घालून त्यांनी तो बसवला, दोन्ही बोल्ट आवळले आणि त्यानंतरच खटका सोडला. दांडा चेनवर टेकल्याचा टक असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून त्यांनी टायमिंगच्या खुणा पुन्हा पाहिल्या आणि मगच किक मारली. बाहेर आलेली जुनी चेन आता माझ्याकडे आहे. तिला 94 कड्या आहेत आणि त्यांतल्या एकीवर माझी पांढरी खूण आहे.