दिल्लीची फोर बाय फोर आणि माझे अठरा लाख एकवीस हजार

आकडा आधीच सांगून टाकतो. १८,२१,००० रुपये. त्यात गाडीचे १४,४०,०००, ‘कागदांचे’ ३५,०००, कंटेनरचे ३८,०००, विमानाच्या तिकिटांचे २१,६०० आणि आजवरच्या दुरुस्तीचे २,८६,४००. एवढे घालून गाडी ताडपत्रीखाली उभी आहे आणि घरात तिचा विषय काढायचा नाही असं ठरलंय.

लोभ नडला म्हणणारे म्हणोत. मला मिरवायला गाडी नको होती. शेतावर जाणारा शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता जून ते ऑक्टोबर नुसता चिखल असतो आणि आधीची गाडी दोनदा ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागली होती. खरी फोर बाय फोर हवी होती, चारही चाकांना जोर देणारी, चिखलातून हळू पण ताकदीने काढणाऱ्या लो रेंज गिअरची, सात सीटची, आईला मागे नीट बसता येईल अशी. नवी घ्यायची तर कोटीच्या घरात, म्हणून जुनी. यात चुकलं कुठे? विचार म्हणून काहीच चुकलं नव्हतं.

दिल्लीच का, हे गाड्या बघणाऱ्याला सांगायला नको. दहा वर्षांवरची डिझेल गाडी तिथे तेव्हा चालत नव्हती. २०१५ साली हरित लवादाने तसं सांगितलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. त्यात १ जुलै २०२५ पासून असल्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा आदेश निघाला. दोन-चार दिवसांत तो गुंडाळावा लागला, पण तेवढ्यात लाखमोलाच्या गाड्या कवडीमोलाने गेल्याच्या बातम्या सगळीकडे फिरल्या. मी त्या बातम्या वाचून हुरळलेला माणूस. माझ्यासारखे गिऱ्हाईक येणार हे ओळखून दुकान मांडून बसलेले लोक तिकडे होतेच.

गाडी नोव्हेंबर २०१५ ची, जर्मन, डिझेल. एका डॉक्टरांची, सिंगल ओनर, रनिंग ६२,०००, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, मागणी १५,७५,०००. "नोव्हेंबरला दहा पूर्ण होतात सर जी, म्हणून डॉक्टरसाब काढतायत," एजंट म्हणाला. कारण पटण्यासारखं होतं. चांगल्या फसवणुकीत कारण नेहमी पटण्यासारखंच असतं.

मी डोळे झाकून गेलो नव्हतो, हे लिहून ठेवतो, कारण नंतर ज्याने-त्याने मला हेच ऐकवलं. ‘वाहन’ या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहिला. बोजा नाही, काळी यादी नाही, विमा चालू, दंड फक्त एक, तोही भरलेला. चेसिस नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवला. तीन महिने वाचन केलं, वहीत टिपणं काढली. फक्त एक ओळ त्या वहीत नव्हती: ‘वाहन’वर कागद दिसतात, गाडी दिसत नाही. गाडी पाण्यात बुडून विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, ठरवली असली, तरी नोंदणी रद्द झालेली नसेल तर आरसी तिथे धडधाकट दिसते.

१९ जुलै, शनिवार. सोबत भाचा होता. पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करतो. ताई म्हणाली, घेऊन जा, त्याला तेवढीच दिल्ली दिसेल.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालूच होती. एसी लावून थंडगार करून ठेवलेली. "गर्मी बहुत है सर जी." मला तो पाहुणचार वाटला. आज कुणी विचारलं तर एवढंच सांगेन: गाडी चालू करून ठेवलेली असेल, बॉनेट गरम लागलं, तर चहा पिऊन परत या. थंड इंजिन कसं उठतं ते तुम्हाला कळू द्यायचं नसतं. शिवाय एअर सस्पेन्शनमधून, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी तोलणाऱ्या हवेच्या फुग्यांमधून, हवा गळत असेल तर रात्रभरात गाडी एका कोपऱ्यावर बसते आणि इंजिन चालू केलं की कॉम्प्रेसर तिला पुन्हा उचलतो. आमच्या येण्याआधी तासभर ती फुगवत ठेवली होती.

आता ती गोष्ट. हिच्यामुळे मला अजून रात्री झोप येत नाही.

मी पुढच्या सीटवर बसून लाकडी पट्टीवरून हात फिरवत होतो. भाचा मागे वाकून मोबाइलचा टॉर्च सीटखाली मारत होता. म्हणाला, "मामा, जरा इकडे बघा." मी बघितलं. सीट ज्या पट्टीवर सरकते तिचे बोल्ट. डोक्यावर तांबूस गंज, आणि त्याखाली गालिच्यावर त्याच रंगाचा नखाएवढा डाग. गालिचा मात्र कोरा करकरीत. "मामा, बाकी सगळं चकाचक आणि इथेच गंज कसा?"

एजंट दारात उभा होता. त्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "अरे, दहा वर्षांची गाडी आहे, एवढं चालायचंच. तू गप्प बस जरा."

म्हणजे खोटं बोलायचे कष्टही मी त्या माणसाला घेऊ दिले नाहीत. तो नुसता हसला, भाच्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बच्चे को शौक है गाड़ियों का." पोरगं लाल झालं आणि नंतर दिवसभर एक शब्द बोललं नाही.

दिल्लीच्या कोरड्या हवेत, बंद काचांच्या गाडीत, सीटखाली गंज! रत्नागिरीची गाडी असती तर एक वेळ समजलो असतो. दोन सेकंद थांबून विचार केला असता तरी कळलं असतं. पण त्याआधी अर्धा तास घासाघीस करून मी १,३५,००० कमी करून घेतले होते आणि स्वतःवरच खूश होतो. भाव पाडून मिळाला की माणूस गाडीतले दोष बघणं सोडतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा राहिला. गॅरेजमध्ये तो ओढला तेव्हा, एरवी कायम गुंडाळीत राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची सरळ रेघ होती. पाणी कुठवर आलं होतं त्याची. गालिचे बदलतात, सीट धुतात, पण बेल्ट पूर्ण बाहेर काढायचा आळस तेही करतात.

पैसे असे गेले. ५०,००० टोकन, यूपीआयने. १०,९०,००० आरटीजीएस. ३,००,००० रोख. आरटीजीएसचं खातं डॉक्टरांचं नव्हतं, एजंटचंही नव्हतं, तिसऱ्याच कुठल्यातरी ट्रेडर्सचं. "डॉक्टरसाब टॅक्स का चक्कर है." पावती डॉक्टरांच्या नावाने, ११,४०,०००ची. रोखीची पावती नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. घेणाऱ्याला होतो, आपल्याला काय, असा माझा हिशोब. पण पावतीच नसेल तर घेतले हे दाखवणार कसं? आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात पैसे टाका, नाहीतर टाकू नका. यात दुसरा प्रश्नच नाही.

आणि फॉर्म २९, ३०, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे. सह्या खऱ्या होत्या, तारखेची जागा रिकामी. सहीची शाई फिकी पडलेली. तेही पाहिलं होतं मी.

गाडी २६ तारखेला कंटेनरमधून उतरली. "इतनी बढ़िया गाड़ी को रोड से क्यूं घिसाना," हा सल्लाही त्याचाच. बरोबर आहे, रस्त्याने आणली असती तर कोटा यायच्या आतच बंद पडली असती. ९ ऑगस्टला सकाळी खाली आलो तर पुढचा डावा कोपरा चाकावर टेकलेला, गुडघा टेकून बसलेल्या बैलासारखा. कॉम्प्रेसर आणि पुढचे दोन्ही हवेचे स्ट्रट, २,८६,४००. आठवड्यात डॅशबोर्डवर दिवाळी. एबीएस, फोर बाय फोर, एअरबॅग, सगळे दिवे एकदम.

मग मिस्त्रींनी गालिचा उचलला. खाली सुकलेला गाळ. नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले. स्कॅनर लावला, मीटरवर ६२ हजार आणि गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, १,८७,४१२. "साहेब, मीटर पाडलंय, पण पोटातला आकडा पुसायला विसरले," मिस्त्री म्हणाले. पूर्ण हार्नेस, म्हणजे सगळं वायरिंग, आणि मॉड्यूलचा अंदाज ६,१२,०००, तोही गॅरंटी नाही या अटीवर. हा स्कॅनर घेऊन फिरणारा माणूस खरेदीआधी न्यायला हवा होता, हे मी सांगायला हवं का?

गाडीच्या पुस्तिकेच्या कव्हरमध्ये जुनं सर्व्हिसचं बिल अडकलेलं सापडलं. त्यावरून डॉक्टर मिळाले. खरेच डॉक्टर, खरेच पहिले मालक. १३ जुलै २०२३ ला यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली होती, आजवरची सर्वात वरची पातळी. त्या पुरात यांच्या इमारतीच्या तळघरात गाडी बुडाली. विमा कंपनीने टोटल लॉस केली, यांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी दिली आणि गाडी भंगारात गेली असं समजून विसरून गेले. "मेरे नाम पे अभी भी है?" ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले. घाबरायलाच हवं. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. तेव्हा विकणाऱ्यांनो, तुम्हीही कोऱ्या फॉर्मवर सह्या करू नका.

आता सरकारी पाहुणचार. इकडच्या ठाण्यात सांगितलं, व्यवहार दिल्लीत झाला, तिकडे जा. नव्या कायद्यात झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यायची सोय आहे, कलम १७३ छापूनच नेलं होतं. हवालदारांनी कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "शिकलेले दिसता, मग फसलात कसे?" तिकडच्या ठाण्याने मेलला एका ओळीत उत्तर दिलं की प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे. मीटर पाडणं दिवाणी! बुडालेली गाडी कोरडी म्हणून विकणं दिवाणी! मग फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी लिहिलंय, पाठांतराला? गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणाऱ्या ना-हरकत दाखल्यासाठीचा, म्हणजे एनओसीसाठीचा ओटीपी डॉक्टरांच्या मोबाइलवर गेलाच नाही, मग कुणाच्या गेला, हे तिकडच्या परिवहन कार्यालयाला तीन पत्रांनी विचारलं. उत्तर नाही. इकडच्या आरटीओत साहेब म्हणाले, आम्ही चेसिसचा छाप बघतो, गालिचा उचलत नाही. विमा कंपनी म्हणते, तुम्ही आमचे ग्राहक नाही, माहिती देता येत नाही. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दहा दिवसांनी ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला. कुणाचं निराकरण झालं?

मधल्या काळात, १२ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ वय झालं म्हणून या गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको. म्हणजे ज्या घाईचा मला धाक दाखवला, ती घाई तीन आठवड्यांत हवेत विरली.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, दिल्लीला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. एजंटचं म्हणणं, मी विक्रेता नाही, फक्त ओळख करून दिली, पावतीवर नाव डॉक्टरांचं आहे. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. मी ते मागितलं नव्हतं. तुम्ही टोकन द्यायच्या आधी मागा. नसेल तर तो उद्या "मी कोण?" म्हणणार, हे धरून चाला.

दुसरा बचाव त्यांच्या वकिलाने असा घेतला: गाडी दिली तेव्हा उत्तम होती, गंज तुमच्या पावसात, तुमच्या शेतावर चढला. आमच्या वकीलबाईंनी विचारलं, खरेदीच्या दिवशीचा काही पुरावा आहे का? माझ्याकडे त्या दिवसाचे चाळीस फोटो होते. सगळे बाहेरून, तीन तर माझेच, बॉनेटला टेकून.

ताईकडे फोन करायला जीभ रेटत नव्हती. शेवटी बायकोने केला. पंधरा मिनिटांत भाच्याकडून फोटो आला. सीटची पट्टी, तांबूस बोल्ट, गालिच्यावरचा डाग, आणि कोपऱ्यात माझा बूट. फाइलवर १९ जुलै, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटं. मी गप्प बस म्हणालो त्याच्या आधीच त्याने काढून ठेवला होता. खाली मेसेज एवढाच: "मामा, चालेल का हा?"

आयोगापुढे तो आता निशाणी ७ आहे.