टॅकोसाठी पोळी कोणती: मका, ज्वारी की गहू?

मालवणी सुकं, राजमा, कोळंबी असं सारण टॅकोत, म्हणजे दुमडलेल्या मेक्सिकन पोळीत, भरून देणारं छोटं हॉटेल मुंबईत काढायचं असेल, तर मेनूआधी पोळी ठरवा. भांडी, माणसं, पार्सल सगळं त्यावर अवलंबून आहे.

चवीला मक्याच्या टॉर्टियाला, म्हणजे टॅकोच्या मूळ पोळीला, तोड नाही, पण घरगुती मक्याच्या पिठाने काम होत नाही. मक्यात ग्लुटेन नसतं. गार पाण्यात मळलेला गोळा लाटताना कडेने चिरतो. दाणा चुन्यात शिजला की सालातला चिकट भाग मोकळा होतो आणि पीठ धरतं. १ किलो वाळलेला पांढरा मका, १० ग्रॅम खाण्याचा चुना, ३ लिटर पाणी. स्टीलच्याच पातेल्यात, ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते. अर्धा-पाऊण तास मंद उकळा, मग रात्रभर तसंच झाकून ठेवा. सकाळी दाणा चोळल्यावर साल सुटली पाहिजे. दोन-तीन पाण्यांतून धुवा, त्याहून जास्त नको, नाहीतर चिकटपणाही वाहून जातो. स्वीटकॉर्न इथे चालत नाही.

दळताना खरी अडचण येते. इडलीच्या ग्राइंडरला फिरायला पाणी लागतं आणि पीठ सैल होतं. मग मासा हरिना, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं तयार कोरडं पीठ, थोडं मिसळून ते आवळा. किलोभर मक्यातून ३० ग्रॅमच्या साधारण ६० पोळ्या होतात. गोळा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांत दाबा: प्लास्टिकला चिकटला तर पाणी जास्त, कडा फाटल्या तर कमी. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू दहा-पंधरा सेकंद, दुसरी मिनिटभर, परत पहिली. फुगली की लगेच फडक्यात गुंडाळा. हे फडकं सोडू नका, वाफेनेच ती मऊ होते. मळलेलं पीठ मुंबईच्या दमट हवेत लवकर आंबतं, म्हणून रोजचं रोज दळा. हा रोजचा खटाटोप झेपणार नसेल तर सरळ मासा हरिना वापरा. चव थोडी उतरते, पण फसवणूक नाही.

ज्वारीची भाकरी स्वस्त, पीठ कुठेही मिळतं, भाकरी थापणाऱ्या बायकाही मिळतात. पण ती गार झाली की घडीवर तुटते; उकड काढूनही हे पूर्ण टळत नाही. म्हणून तिला दुमडायच्या फंदात पडू नका. तळहाताएवढी पातळ थापून कडक भाजा आणि टोस्टाडासारखी, म्हणजे न दुमडता वर सारण ठेवलेल्या कडक मेक्सिकन पोळीसारखी, सपाट वाढा. वर राजमा, कांदा, कैरी. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण ज्वारीवर जमतं, मक्यावर मात्र ते जड होतं. मक्याला लिंबू किंवा कोकमाची आंबट धार हवी. लाल सॉससाठी ब्याडगी बिया काढून २० मिनिटं गरम पाण्यात भिजवून वाटा: रंग ग्वाहियो या मेक्सिकन मिरचीसारखा येतो, तिखटपणा बेताचा राहतो.

गव्हाचा टॉर्टिया म्हणजे नुसती चपाती नव्हे. उत्तर मेक्सिकोत, सोनोराकडे, तो चरबी घालून पातळ करतात. ५०० ग्रॅम मैद्याला ५० ग्रॅम तूप, कोमट पाणी, अर्धा तास विश्रांती.

पार्सल जास्त जाणार असेल तर गहूच घ्या. डब्यातल्या वाफेने मक्याची पोळी ओली होऊन फाटते. गव्हाची घडी रस्सा सांभाळते. टेबलावर बसून खाणारे जास्त असतील तर मका, आणि तवा गिऱ्हाइकाला दिसेल असा समोर ठेवा.