वेंगुर्ल्याचं घर आणि फोनवरचा मालवणी आवाज

सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. बंदर आणि सतराव्या शतकातली ती पडकी डच वखार त्यांना एकदा पुन्हा बघायची होती. ठाणे ते कुडाळ कोकणकन्येची तिकिटं मिळाली, राहायची सोय तेवढी बाकी होती.

मॅपवर एक कौलारू घर सापडलं. चिऱ्याच्या पायऱ्या, अंगणात तुळस. नंबर लावला तर पलीकडून, "खयसून बोलतास?" ठाणं म्हटल्यावर, "येवा, घर तुमचाच आसा." आई त्याच्याशी पाच मिनिटं बांगड्या-सुरमईवर बोलल्या. आमची सावधगिरी तिथेच संपली.

२,००० रुपये ॲडव्हान्स क्यूआरवर भरले. स्क्रीनवर भलत्याच कुठल्या ट्रेडर्सचं नाव आलं. ह्यांनी विचारलं, तर "भावाचं दुकान आहे." अर्ध्या तासाने 'अकाउंटवाल्या'चा हिंदीत फोन: बुकिंगची एंट्री झालेली नाही, १४७८६ हा कोड रकमेच्या जागी टाका, हे पैसे नाहीत, कोड आहे. तो घाई करत होता आणि मी पिन टाकला. १४,७८६ रुपये गेले. मग म्हणे, तेवढेच पुन्हा पाठवा, दोन्ही एकत्र परत येतील. तेव्हा ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

कृपा करून हे लक्षात ठेवा: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आणि स्क्रीनवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, मग सांगितलेलं कारण कितीही पटणारं असो.

आम्ही वीस मिनिटांत १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यांनी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, विचारला. तो ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. ९,३०० रुपये त्यांनी पुढे ज्या खात्यात वळवले होते तिथे गोठले, बाकीचे तोवर काढून झाले होते. गोठलेले अजून हातात आलेले नाहीत.

शेजारच्या वहिनींचा भाऊ वेंगुर्ल्यात असतो. तो त्या घरी जाऊन आला. फोटो खरे, घर खरं, नंबर मात्र कुणीतरी बदललेला. मालकीणबाई वयस्कर आहेत. त्या महिन्यात आमच्याआधी दोन कुटुंबं त्यांच्या दारात आली होती, एक तर रात्री साडेदहाला, झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन. बाईंनी त्यांना ओसरीवर अंथरूण घालून दिलं, सकाळी पेज दिली आणि पैसे घेतले नाहीत.

आम्ही शेवटी त्यांच्याकडेच उतरलो. आधी व्हिडिओ कॉलवर त्यांनी फाटकापासून विहिरीपर्यंत चालत सगळं दाखवलं. पैसे तिथे पोचल्यावर दिले. मॅपवर चुकीच्या नंबरची तक्रार तिघांनी केली आहे. काल पाहिलं, तोच नंबर अजून तिथे आहे.