पॅरलल सिंथेसायझर वर्षभर वापरल्यावर: सगळं फ्रिटपाशी अडतं

वॉरंटीच्या कागदावर ‘कन्झ्युमेबल’ (झिजल्यावर बदलायचा भाग) हा शब्द दिसला की त्यात नेमकं काय काय येतं ते सही करण्याआधी लिहून मागा. एकाच वेळी पुष्कळ पेप्टाइड बनवणाऱ्या आमच्या ४८ भांड्यांच्या सिंथेसायझरची मधली एक अख्खी ओळ रिकामी व्हायची थांबली. सर्व्हिस इंजिनिअर आला, त्याने व्हॅक्यूम पंप पाहिला, मॅनिफोल्ड उघडून पुसलं, सॉफ्टवेअर अपडेट केलं, आणि जाताना म्हणाला, ‘मॅडम, फ्रिट वॉरंटीत बसत नाही.’ फ्रिट सुटे मिळत नाहीत, पूर्ण संच घ्यावा लागतो, तो परदेशातून येतो आणि आगाऊ पैसे भरल्याशिवाय ऑर्डर लागत नाही. भांड्याच्या तळाशी बसणारी प्लॅस्टिकची एक सच्छिद्र चकती! संचाची किंमत ऐकून मी कोटेशन परत पाठवलं आणि हा अनुभव लिहायला बसले.

मशीन काय करतं ते थोडक्यात: प्रत्येक भांड्यात रेझिनच्या मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, वाढवतं. दर फेरीत साखळीच्या टोकावरची एफमॉक ही संरक्षक टोपी पिपेरिडीन या अल्कलीने काढायची (डिप्रोटेक्शन), द्रावण व्हॅक्यूमने फ्रिटमधून ओढून टाकायचं, डीएमएफ या सॉल्व्हंटने धुवायचं आणि पुढचं अमिनो आम्ल जोडायचं (कपलिंग). पहिले काही महिने मी खूश होते, आणि ती खुशी खोटी नव्हती. रिंक अमाइड नावाच्या रेझिनवर छोट्या पेप्टाइड-अमाइड लायब्रऱ्या (मिळत्याजुळत्या पेप्टाइडांचे संच) लावायच्या, संध्याकाळी प्रोग्रॅम सुरू करायचा, सकाळी एफमॉक निघालेलं आणि पुढचं ॲसिड (अमिनो आम्ल) जोडलेलं. द्रव मोजून टाकणारा हात अचूक आहे, तापमान सगळीकडे सारखं राहतं. त्या काळात कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून ‘घ्या’ म्हटलं असतं.

मग पावसाळ्यात एलसीएमएसमध्ये (मिश्रण वेगळं करून वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) विचित्र पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, दिसायला लागले. अपेक्षित वस्तुमानापेक्षा बरोबर ११३ ने जास्त. ११३ म्हणजे साखळीतलं एक ल्युसीन हे अमिनो आम्ल. एकाऐवजी दोन ल्युसीन जोडले गेले होते, आणि तेही ठरावीक भांड्यांतच. पहिला संशय डीएमएफवर गेला. जुन्या डीएमएफमध्ये डायमिथाइलअमाइन तयार होतं आणि ते हळूहळू एफमॉक काढतं, हे सगळ्यांना माहीत आहे. नवी बाटली उघडली. पीक तसेच. शेवटी प्रत्येक भांड्याचा निचरा घड्याळ लावून पाहिला तेव्हा उलगडा झाला. ज्या भांड्याचा फ्रिट अर्धा तुंबलेला, त्यात २० टक्के पिपेरिडीनचं द्रावण थोडं मागे राहायचं. पुढचं एफमॉक-ल्युसीन जोडलं जाताच ते उरलेलं पिपेरिडीन त्याचाही एफमॉक काढायचं, आणि मोकळ्या अमाइनवर दुसरं ल्युसीन बसायचं. शिवाय काही सक्रिय ॲसिड पिपेरिडीनच खाऊन टाकायचं. मशीनच्या पडद्यावर मात्र ४८ च्या ४८ चौकोन हिरवे.

फ्रिट तुंबतो कशाने? रेझिनच्या भुग्याने. पॉलिस्टायरिन रेझिनचे १००–२०० मेशचे (हे चाळणीचं माप) मणी कोरडे असताना साधारण ७५ ते १५० मायक्रॉनचे असतात. सतत ढवळल्याने, वारंवार फुगून आकसल्याने त्यांचे तुकडे होतात, आणि ते बारीक तुकडे फ्रिटच्या छिद्रांत जाऊन बसतात. सगळ्या भांड्यांना एकच व्हॅक्यूम असल्यामुळे जी भांडी आधी रिकामी होतात त्यांतून हवा ओढली जाते, आणि तुंबलेल्या भांड्यांना ओढ उरत नाही. ही रचनेतली खोट आहे. सर्व्हिसवाल्याने वापरणाऱ्यावर ढकलू नये.

एवढ्याशा फ्रिटवर इतकं का बोलते, असं सहकारी विचारतात. त्यांना मी सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधाचं उदाहरण देते. बायर आणि ऑनिक्स या कंपन्यांनी राफ किनेज हे एन्झाइम रोखण्यासाठी सुमारे २,००,००० संयुगं तपासली. त्यांतून थायनिल युरिया जातीचं एक संयुग मिळालं, आयसी५० (एन्झाइम निम्मं रोखायला लागणारं प्रमाण, जितकं कमी तितकं चांगलं) १७ मायक्रोमोलर. फिनाइल रिंगवर एक मिथाइल लावल्यावर आकडा १.७ वर आला आणि तिथेच अडला. मग समांतर पद्धतीने, म्हणजे एकाच वेळी अनेक भांड्यांत, त्याच धर्तीचे सुमारे १००० बिस-अराइल युरिया बनवले. त्यात १.१ मायक्रोमोलरचं एक ॲमिनो-आयसोक्साझोल निघालं. आकड्यात फरक किरकोळ, पण खरी गोष्ट वेगळी आहे: त्या रेणूची दोन टोकं एकेक करून बदलली असती तर दोन्ही बदल निकामी ठरले असते. एकत्र बदलले तेव्हाच रेणू चालला. एका वेळी एक टोक बदलत जाणाऱ्या केमिस्टने ती वाट कधीच सोडून दिली असती. त्या आयसोक्साझोलवरून पुढे सोराफेनिब आलं आणि डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली. हेच ते औषध, ज्यावर भारतातलं पहिलं सक्तीचं लायसन्स (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची परवानगी) ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट ऑफिसमधून निघालं आणि महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८८० वर आला.

आता समजा, त्या हजारांतलं नेमकं ते एक संयुग अर्ध्या तुंबलेल्या भांड्यात बनलं असतं. चाचणीच्या प्लेटमधल्या खळग्यात अशुद्ध माल गेला असता, चाचणीत ‘निष्क्रिय’ अशी नोंद झाली असती आणि पुन्हा त्याकडे कुणी पाहिलं नसतं. चुकीचा होकार पुढच्या तपासणीत पकडला जातो. चुकीचा नकार पकडायला कुणी परत येत नाही. कॉम्बिनेटोरियल (तुकड्यांच्या सगळ्या जोड्या करून पाहण्याच्या) पद्धतीची सगळी ताकद ‘कुणी अंदाज केला नसता अशा जोडी’त आहे, आणि तुंबलेला निचरा नेमकी तीच जोडी हिरावून घेऊ शकतो.

कोटेशन परत पाठवल्यावर काम थांबवून चालणार नव्हतं. मग पेप्टाइड रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड हॉटन यांचा १९८५ चा पेपर काढला. पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीच्या छोट्या पिशव्या, छिद्रं ७४ मायक्रॉनची, आत रेझिन, तोंड उष्णतेने सील. जोडायचं ॲसिड वेगळं असेल तेव्हा पिशव्या वेगवेगळ्या बाटल्यांत जातात. डिप्रोटेक्शन आणि धुणं मात्र सगळ्यांचं एकाच बाटलीत. या पद्धतीने त्यांनी १३ अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडची प्रत्येक जागा उरलेल्या १९ आम्लांनी बदलून पाहिली. १३ गुणिले १९ म्हणजे २४७, आणि मूळ धरून २४८ पेप्टाइड. तेही चार आठवड्यांच्या आत, हाताने!

जाळी आणली, पिशव्या सील करायचं साधं मशीन आणलं. मार्करची शाई डीसीएम या सॉल्व्हंटमध्ये निघून जाते, म्हणून सीलच्या पट्टीवर कात्रीने खाचा पाडून नंबर दिले. आणि पहिल्याच खेपेत जो आनंद झाला तो मशीनने कधी दिला नव्हता. ११३ वाले पीक गायब. कारण सरळ आहे: सगळ्या पिशव्यांना एकच धुणं मिळतं. निचरा कमी पडला तर सगळ्यांचा कमी पडेल आणि लगेच लक्षात येईल. एखादी पिशवी गुपचूप मागे राहत नाही. शिवाय जो भुगा फ्रिट तुंबवतो तो इथे जाळीतून बाहेर पडतो. पिशव्या सुरुवातीला डीसीएममध्ये हलवल्या की बारीक कण निघून जातात आणि फुगलेले मणी आत राहतात. मशीनमधला दोष इथे आपोआप धुतला जातो.

डीएमएफचं बिलही पाहा. मशीन प्रत्येक भांडं वेगळं धुतं, नळ्या वेगळ्या भरतं आणि त्या फ्लश करायलाही डीएमएफच ओततं. पिशव्यांच्या एका बाटलीत सगळ्यांचं एकत्र धुणं होतं आणि टाकाऊ सॉल्व्हंटचे कॅन निम्म्याहून कमी भरतात. युरोपात १२ डिसेंबर २०२३ पासून डीएमएफच्या वापरावर कडक मर्यादा आली आहे. आपल्याकडे तसा बडगा नाही, पण ते यकृताला आणि गर्भाला अपायकारक आहे हे आपल्याकडेही तितकंच खरं. प्रयोगशाळेत तरुण मुली काम करतात. कमी डीएमएफ हा मला पैशापेक्षाही मोठा फायदा वाटतो.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मशीन विकून टाका असंच म्हणणार होते. पण मधल्या काळात पॉलिइथिलीनच्या चकत्या स्थानिक दुकानदाराकडून भांड्याच्या मापात कापून घेतल्या. नीट बसतात, आणि किंमत कंपनीच्या संचापुढे नगण्य. रेझिन आधी बाहेर बीकरमध्ये डीसीएमने धुऊन, भुगा ओतून टाकून मगच भांड्यात भरतो. ओळ पुन्हा चालू झाली. आता माझं मत असं आहे की तापमान लागणाऱ्या पायऱ्यांना, प्रत्येक भांड्यात वेगळं ॲसिड असेल तेव्हा आणि शेवटच्या क्लीव्हेजला (पेप्टाइड रेझिनपासून तोडायला) मशीनच बरं. पिशवीत रिॲक्शन थोडी सावकाश होते, त्यामुळे कपलिंगला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि शेकडो पिशव्यांची वर्गवारी करताना मान मोडून येते. पण एकाच साखळीची पुष्कळ रूपं हवी असतील तर पिशव्यांना तोड नाही.

मशीनच्या माहितीपत्रकात ‘दिवसाला किती संयुगं’ हा आकडा मोठ्या अक्षरात असतो. संख्येसाठी मशीन लागतच नाही. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ आर्पाद फुर्का यांनी बुडापेस्टमध्ये १९८२ मध्येच विभागणी आणि मिसळण्याची पद्धत (रेझिनचे भाग करून प्रत्येकाला वेगळं आम्ल जोडायचं, सगळं मिसळायचं, पुन्हा भाग करायचे) नोटरीकडे नोंदवून ठेवली होती: २० अमिनो आम्लं, तीन फेऱ्या, फक्त ६० कपलिंग आणि ८००० पेप्टाइड. दर फेरीत किती टक्के काम पूर्ण होतं हा आकडा मात्र माहितीपत्रकात शोधूनही सापडत नाही. दहा पायऱ्यांत दर पायरीला ९८ टक्के मिळाले तर शेवटी सुमारे ८२ टक्के माल बरोबर असतो. ९५ मिळाले तर ६०. हा फरक फ्रिट ठरवतो.

घेणार असाल तर डेमोमध्ये नुसतं सॉल्व्हंट फिरवून दाखवू देऊ नका, त्यात कुठलंही मशीन सुरेख चालतं. आपलं रेझिन न्या, सगळ्या भांड्यांत भरा, फुगू द्या. ताज्या डीएमएफने एक पूर्ण डिप्रोटेक्शन करा, कंपनी सांगेल तितकेच वॉश द्या, आणि शेवटच्या वॉशचा एकेक थेंब प्रत्येक भांड्यातून ओल्या पीएच पट्टीवर टाका. एकही पट्टी निळी झाली, म्हणजे पिपेरिडीन मागे राहिलं, तर फ्रिट सुटे आणि वॉरंटीत मिळतील हे लेखी घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.