संगणक मासिकांतला लिनक्सचा लेख: नवशिक्याला कितपत पुरतो?

ठाणे स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरची इंग्रजी संगणक मासिकं चाळली, तर विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा लेख हमखास एकाच साच्याचा असतो: दोन पानं स्क्रीनशॉट, एक पान ‘हे फुकट आहे’ आणि शेवटी आयएसओचा (इन्स्टॉल करायच्या फाइलचा) क्यूआर कोड. आज मात्र हा लेख नीट लिहिला जायला हवा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून निघालेला सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप सेकंडहँड घेतलेल्या माणसाने मग करायचं काय?

सुरुवात ही मासिकं चांगली करून देतात. लिनक्सचा मिंट हा प्रकार निवडा, रॅम ४ जीबी असेल तर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या प्रोग्रामने आयएसओ चढवा, आधी इन्स्टॉल न करता लाइव्ह, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून, चालवून वायफाय, आवाज, टचपॅड तपासा. हा सल्ला अगदी योग्य. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हेही बहुतेक जण सांगतात.

घोळ होतो तो त्याच्या पुढे. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये बायोसला (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क बऱ्याचदा ‘रेड’ या पद्धतीवर ठेवलेली असते, त्यामुळे इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. लेखात एवढंच असतं: ‘एएचसीआय करा’, म्हणजे डिस्कची दुसरी, साधी पद्धत निवडा. विंडोज ठेवायची असताना हे थेट केलं, तर ती निळा पडदा दाखवून अडते. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीतून सेफ बूट चालू करायचं, मग बायोस बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि सेफ बूटची टिक काढायची. त्याहीआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, तपासायचं. ते चालू असेल, तर बायोसला हात लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर डेटा गेलाच. या इशाऱ्याला लेखात ठळक चौकट हवी, तिथे अर्धी ओळसुद्धा मिळत नाही. फास्ट स्टार्टअप (विंडोज झटकन सुरू करण्याची सोय) बंद करण्याचंही तसंच: ते चालू राहिलं तर विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा भाग, लिनक्समध्ये फक्त वाचता येतं.

दोन्ही सिस्टिम ठेवल्या की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. संध्याकाळचे सहा वाजले असताना साडेबारा! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. परदेशी लेखावरून उचललेल्या मजकुरात हा आकडा कुठून येणार?

वायफाय चिप ओळखली गेली नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा (मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्या) आणि मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा; एवढं एक वाक्य छापलं असतं तर कितीतरी जण अर्ध्यावरून परतले नसते.

मराठी टायपिंगचा तर उल्लेखच नाही. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही देवनागरी अक्षरांची मांडणी जोडता येते. रोमन अक्षरांतून लिहायचं असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजं टाकायची, लॉगआउट करून परत यायचं.

आणखी एक खटकतं. इंग्रजीत ‘फ्री’चे दोन अर्थ होतात, आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे वेगळे शब्द आहेत. नवशिक्याला फक्त दुसरा सांगितला जातो. कोड वाचायचा, बदलायचा, शेजाऱ्याला प्रत करून द्यायचा हक्क लिनक्सचा जीपीएल परवाना देतो, हे मासिकांनी पहिल्याच पानावर लिहायला हवं.

अंक घ्या, लाइव्ह चालवण्यापर्यंत त्याच्या बोटाला धरून जा. ‘इन्स्टॉल’वर क्लिक करण्याआधी मात्र फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा आणि बिटलॉकरची की कागदावर उतरवून ठेवा.