ह्यूस्टनची अंटार्क्टिक अशनी-नमुना सेवा: दगडाबरोबर त्याची नोंदवहीही मागा

अशनीत, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडात, जीवाच्या खुणा शोधायच्या तर उपकरणांच्या आधी दगडाचा प्रश्न येतो. मर्चिसनचा अशनी ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर १९६९ रोजी पडला. त्याचे तुकडे आजही विकत मिळतात, पण मधल्या काळात ते कोणत्या कपाटात होते आणि किती जणांनी हाताळले, हे विकणाऱ्याला सहसा सांगता येत नाही. हा तपशील नसेल तर त्यात सापडलेल्या अमिनो आम्लाचे (प्रथिनांच्या घटकाचे) मोल फार उरत नाही.

ह्यूस्टनमधल्या नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधून मिळणारे अंटार्क्टिक नमुने याच कारणासाठी सरस आहेत. १९७६ पासूनच्या मोहिमांतून जमलेल्या या संग्रहात २३ हजारांहून जास्त अशनी आहेत. वर्गीकरणात स्मिथसोनियन संस्थेचा वाटा आहे, मोहिमांचा खर्च मुख्यतः नॅशनल सायन्स फाउंडेशनने उचलला. कोणत्याही देशाच्या संशोधकाला अर्ज करता येतो. नवे अशनी वार्तापत्रातून वर्षातून दोनदा जाहीर होतात आणि जाहीर झालेला कोणताही अशनी मागता येतो. नमुना उसना असतो, उरलेला भाग परत करायचा असतो. विद्यार्थ्याने अर्ज करताना मार्गदर्शकाचे नाव द्यावे, कारण तपासणीची साधने खरोखर हाताशी आहेत का हे समिती पाहते.

निवड करताना बहुतेक जण प्रकार पाहतात, म्हणजे सीएम, सीआर (हे दोन्ही कार्बनयुक्त अशनींचे गट), मंगळाचा वगैरे. त्याशेजारचे झिजेचे अक्षर तेवढ्याच काळजीने वाचायला हवे. ए म्हणजे गंज किरकोळ, बी म्हणजे मध्यम, सी म्हणजे भरपूर. त्यापुढे लहान ई असेल तर दगडावर पांढरे क्षार डोळ्यांना दिसतात. याचा अर्थ बर्फाचे वितळलेले पाणी त्यात मुरून पुन्हा बाहेर आले. अंटार्क्टिकात हवा शून्याखाली असली तरी काळा दगड उन्हात तापतो, भोवतीचा बर्फ वितळतो आणि ते पाणी भेगांतून आत शिरते. त्याबरोबर विरघळलेले सेंद्रिय पदार्थही जातात. सेंद्रिय खुणांसाठी असा नमुना घेऊच नये, हे आमचे ठाम मत आहे.

मागणी लिहितानाची नेहमीची चूक म्हणजे थिन सेक्शन, अर्थात सूक्ष्मदर्शकासाठी घासून पातळ केलेला काप, मागणे. खनिजांसाठी तो उत्तम, पण त्यात दगड इपॉक्सी या कृत्रिम राळेत बसवलेला असतो आणि पॉलिशला हिऱ्याची पूड वापरलेली असू शकते, म्हणजे नमुन्यात बाहेरचा कार्बन आधीच आला. सेंद्रिय कामासाठी फोडलेला तुकडा मागा, करवतीने कापलेला नको. एक तुकडा आतल्या भागाचा आणि दुसरा वितळलेल्या काळ्या सालीजवळचा, असे दोन घ्या. बाहेरून आलेला पदार्थ सहसा सालीकडे जास्त सापडतो, त्यामुळे दोन्हींची तुलना हीच पहिली चाचणी ठरते. नमुन्याच्या नावात स्वल्पविरामानंतरचा क्रमांक त्या विशिष्ट तुकड्याचा असतो. तो कोणत्या मोठ्या तुकड्यातून निघाला आणि आधी कोणाकडे होता, याची नोंद क्युरेटरकडून (संग्रह सांभाळणाऱ्याकडून) मागून घ्या. आमच्या लेखी या सेवेतली सर्वांत मौल्यवान वस्तू हीच.

संग्रहातली हाताळणी चोख आहे. गोठलेले दगड कोरड्या नायट्रोजनच्या कपाटात ठेवतात, त्यामुळे चिकटलेला बर्फ पाणी न होता उडून जातो. तरीही दगड ज्या पिशवीत ठेवला त्या पिशवीचा प्रश्न राहतो. नायलॉनच्या पिशवीतून एप्सिलॉन-अमिनो-कॅप्रोइक आम्ल हा नायलॉनचा घटक नमुन्यात येतो. अंटार्क्टिक सीएम अशनींच्या तपासणीत ते ठळकपणे दिसले आहे. तपासणीच्या आलेखात या आम्लाचे शिखर दिसले तर ते अवकाशातले समजू नका, आणि ते वगळूही नका. दूषण किती झाले याचा अंदाज त्यावरून येतो.

नमुना हाती आल्यावरची रीत आता बरीचशी ठरलेली आहे. काचेची भांडी आणि खल ५०० अंश सेल्सियसला रात्रभर भाजतात. काही शे मिलिग्रॅम भुकटी काचेच्या बंद नळीत पाण्याबरोबर १०० अंशांवर २४ तास ठेवतात. अर्काचा अर्धा भाग तसाच ठेवून उरलेल्यावर ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ १५० अंशांवर ३ तास देतात, म्हणजे बांधलेली अमिनो आम्ले सुटी होतात. मग क्षार काढून, रंजक जोडून क्रोमॅटोग्राफी, म्हणजे घटक एकमेकांपासून वेगळे करून मोजणे. भाजलेले सर्पेंटाइन हे खनिज हेच सगळे टप्पे सोबतीने पार करते. तो ब्लँक, म्हणजे अशनीविना केलेली कोरी चाचणी. त्यात ग्लायसीन हे अमिनो आम्ल जास्त निघाले तर चूक भांड्यात किंवा आम्लात आहे, दगडाला दोष देऊ नका.

अमिनो आम्लाची डावे आणि उजवे अशी आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपे असतात. ती मोजताना ॲलॅनिन या अमिनो आम्लावर भिस्त ठेवू नका, कारण पृथ्वीवरचे जीव डावे ॲलॅनिन भरभरून सोडतात. आयसोव्हॅलिन हे अमिनो आम्ल पाहा, ते आपल्या प्रथिनांत नसते. मर्चिसनमध्ये डाव्या आयसोव्हॅलिनचे आधिक्य १९९७ मध्ये दाखवले गेले. पण तोही जीवाचा पुरावा नाही, निर्जीव रसायनातूनही असा कल येऊ शकतो. या संग्रहाची ताकद २००७ मध्ये दिसली. जीआरए ९५२२९ या सीआर अशनीत २४९ पीपीएम (दर दहा लाख भागांत २४९ भाग) अमिनो आम्ले मोजली गेली, मर्चिसनच्या दहा पटींहून जास्त.

या संग्रहातला सर्वांत गाजलेला दगड एएलएच ८४००१. ॲलन हिल्स भागात डिसेंबर १९८४ मध्ये सापडलेला, १.९३ किलोचा. आधी तो डायोजेनाइट, म्हणजे लघुग्रहाकडून येणाऱ्या अशनींचा एक प्रकार, म्हणून नोंदला गेला, तो मंगळाचा आहे हे १९९३ मध्ये कळले. ऑगस्ट १९९६ मध्ये नासाचे डेव्हिड मॅके आणि सहकाऱ्यांनी त्यात प्राचीन जीवाच्या खुणांचा दावा केला. आधार चार होते: कार्बोनेटचे गोळे, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे स्फटिक, बहुचक्रीय हायड्रोकार्बन आणि सूक्ष्मदर्शकात दिसलेले किड्यांसारखे आकार. त्यांतला शेवटचा सर्वांत आधी डळमळला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी दिलेल्या धातूच्या लेपामुळेही असे आकार उठून दिसू शकतात. मॅग्नेटाइट कार्बोनेट तापून तयार होऊ शकते. १९९८ मध्ये कार्बन-१४ च्या मोजणीतून त्यातल्या सेंद्रिय कार्बनचा मोठा भाग पृथ्वीवरचा निघाला. हा दगड सुमारे १३ हजार वर्षे अंटार्क्टिकाच्या बर्फात होता, हे विसरून चालणार नाही. २०२२ च्या अभ्यासाने उरलेल्या सेंद्रिय पदार्थांचे मूळ मंगळावरच्या पाणी-खडक अभिक्रियेत दाखवले. एकाच दगडावर इतक्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांना तपासणी करता आली, याचे श्रेय नमुने मोकळेपणाने वाटणाऱ्या या व्यवस्थेला द्यायलाच हवे.

उणीव कुठे आहे? पडल्याबरोबर उचललेला दगड इथे नाही. तशी गरज असेल तर ताजे पतन पाहावे. जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला ६ जून २०१७ रोजी पडलेला कार्बनयुक्त अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. मात्र तो शेतात आपटून फुटला, म्हणून त्या मातीचा नमुनाही तुलनेला हवा. पृथ्वीचा स्पर्श टाळायचाच असेल तर यानाने आणलेल्या आणि ह्यूस्टनमध्येच असलेल्या बेन्नू लघुग्रहाच्या १२१.६ ग्रॅम नमुन्यासाठी वेगळा अर्ज करावा. त्यात प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्ले सापडली, डावी-उजवी जवळपास समान. पण असा नमुनाही बाहेर काढल्यावर सुरक्षित राहत नाही. तसाच यानाने आणलेल्या र्युगू लघुग्रहाच्या एका कणावर पृथ्वीवरच्या हवेशी संपर्क आल्यानंतर सूक्ष्मजीवांचे धागे वाढलेले दिसले, ही नोंद २०२४ ची आहे. म्हणून कोणताही नमुना फोडण्याआधीच त्याचे पृष्ठभागाचे फोटो काढावेत आणि तपासणीच्या दरम्यान ठरावीक दिवसांनी तेच कोन पुन्हा टिपावेत.